उजव्या अंगाचा बैल

नत्थुजी : आधी बसा तुमी, पार्वताबाई. उभ्यानं आयकाची गोष्ट नाही हे.

पार्वताबाई : बसाले येळ कुठं हाये, नत्थुजी? कापूस फुटून वावर पांढरंफेक झालं न् येचाले बाया मिळून नाही राहिल्या. महादेवाले पानी घातलं, रोजचं मागनं मागितलं, झालं माहं काम. चालली मी.

नत्थुजी : तेच तं म्हनतो. ते रोजचं मागनं आता मागू नका.

पार्वताबाई : काहून? कटाळला का तुमचा देव? गुरव कटाळला असन तं तसं सांगा.

नत्थुजी : कोनी नाही कटाळलं. मागनं पोचलं तुमचं. खुशालनं डोकं टेकलं.

पार्वताबाई : कोन्या खुशालनं?

नत्थुजी : आता घ्या. तुमच्याच. पुंजारामाच्या पोरानं. गावात दुसरा खुशाल हाये का कोनी?

पार्वताबाई : दुसरी कायचीबी थट्टा करा बाप्पा, याची करू नका. लग्नाच्या दिवशी नवरदेव म्हनून इथं आनला त्याले, तं बंडीतून खाली उतरला नाही. वऱ्हाडी पायरीवर, वाजंत्री पायरीवर, न् नवरदेव बंडीत बसून सुपारी कातरून राहिला. सुनेच्या, जमुनाच्या बापानं कसं पाह्यलं होतं माह्या तोंडाकडं, मी इसरली नाही अजून. पोळ्याले येते तं बैलायचं डोकं लावते पायरीले, न् सोता तिकडं चिचेखाली उभा. मी म्हनते त्याले, अरे, बैल टेकते न् तुले काय झालं? म्हन्ते, बैलाले येसन हाये, मले नाही.

नत्थुजी : माह्या डोळ्यानं पाह्यलं. चांद्या बैलाचं पोट फुगलं होतं, आठोते?

पार्वताबाई : नाही कसं आठवत? अकोल्याहून बंडी येत होती. सरकी जास्त खाल्ली त्यानं, अथी नदीच्या काठावर आला न् बसला तो उठनाच. खुशाल रातभर त्याच्यापाशीच होता. सकाळी बैल आपल्या पायानं घरी आला. मले म्हने, हिंग-ताक पाजलं, उतरलं.

नत्थुजी : ताकानं नाही उतरलं. ताक तं सांजीच पाजलं होतं. पायटीस मी देऊळ झाडाले आलो, तं हा पायरीवर आडवा. कपाळ दगडाले लावून. मले वाटलं, बैल मेला न् पोरानं हाय खाल्ली. म्हनलं, खुशाल. तं म्हने, नत्थुजी, बोलू नका, मी मागून राहिलो.

पार्वताबाई : असं म्हने?

नत्थुजी : अस्संच. मी झाडू तथीच टाकला. तिकडं बैलानं शेन टाकलं, हुंकारा भरला, न् उठला ना. हा पयत गेला, बैलाच्या गळ्यात पडला, तसाच मांगं आला, पुन्हा डोकं टेकलं. तवापासून दर सोमवारी येते. तुमी येता त्याच्या आधी. बेल सोता तोडून आनते. मले शप्पथ घातली, मायले सांगू नका, मी सांगीन तिले.

पार्वताबाई : दर सोमवारी.

नत्थुजी : तुमच्या बसाच्या जागेवरच टेकते डोकं. ठाव नाही त्याले, तुमची जागा हाये म्हनून.

पार्वताबाई : थांबा, नत्थुजी. बसते मी.

नत्थुजी : म्हनून तं पह्यलेच म्हनलं, बसा.

पार्वताबाई : त्याच्या बापाले सापानं डसलं, याच पायरीवर आनून निजवलं होतं. तुमच्या बापानं अंगारा लावला. एवढंसं पोरगं ते, बापाचे पाय दाबत बसलं. मले म्हने, माय तू रडू नको, देव उठवून राहिला. बाप गेला तवा त्यानं डोळ्याले पानी नाही आनलं. म्हने, माय, दगड हाये तो. दगडापाशी आनलं आपन बाबाले. तवापासून मी मागून राहिली. लोकं हासले, सुनेनं कपाळाले हात लावला, म्हने, आत्याबाई, दगडातून पाझर फुटन पन हा मानूस नाही फुटनार. पन मी मागतच राह्यली. न् आता तुमी सांगता.

नत्थुजी : रडा, रडा. हे रडनं चांगलं हाये. पन रडून झालं की आयका. नवसाचं काय?

पार्वताबाई : कोन्या नवसाचं?

नत्थुजी : भुलल्या? त्याच्या लग्नाच्या सांजी आल्या होत्या तुमी, रडत. मीच उभा होतो अथी. ओंजळीत पानी घेतलं न् बोलल्या, माह्या पोरानं या पायरीवर डोकं टेकलं, का त्याच्या जोडीतला उजव्या अंगाचा बैल तुह्या नावानं सोडीन. कोनी जुपनार नाही, कोनी इकनार नाही.

पार्वताबाई : अवं माय.

नत्थुजी : आठोलं?

पार्वताबाई : तवा उजव्या अंगाले लंगडा होता, नत्थुजी. बुढा झालता. वर्सभर चालला असता तं चालला असता.

नत्थुजी : म्हंजे लंगडा बैल देऊन पोरगा मागत होत्या?

पार्वताबाई : बाईमानसाची अक्कल. मले वाटलं, वर्साच्या आत वळन पोरगा. बैल तं जानारच हाये, देवाच्या नावानं जाईन. मंग लंगडा मेला, त्याच्या जागी दुसरा आला, तो गेला. नवस मांगं पडला न् मागनं तेवढं राह्यलं तोंडात. न् आता उजव्या अंगाले...

नत्थुजी : चांद्या.

पार्वताबाई : नाही. चांद्या नाही. वासरू होता तवापासून हातानं पाजलं खुशालनं त्याले. गाय मेली होती, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. त्याले मागू नका.

नत्थुजी : मी कोन मागनारा? मी तं तोंडबी उघडलं नसतं. पन जमुना सांगत होती, उद्या बंडी अमरावतीले चालली. नवसाचा बैल, फेडल्याबिगर, न् एवढ्या लांबच्या वाटेले, भरल्या बंडीखाली. काल झोप नाही आली मले. तुमाले न सांगतलं न् वाटेत काई झालं, तं ते माह्याच माथी.

पार्वताबाई : त्याले काई बोलू नका तुमी.

नत्थुजी : मी नाही बोलत.

पार्वताबाई : मीच सांगते. कशी सांगू, ते पाहाते.

*

खुशाल : माय, दिवा खाली ठेव. चांद्या भुजाडते उजेडाले.

पार्वताबाई : उद्या जाच हाये का तुले अमरावतीले?

खुशाल : मंग? बंडी भरली. आसाले वंगन लावलं. आता कापूस घरात ठेवाचे दिवस नाही, माय. सातासमुद्रापार गोऱ्यायची आपसात जुपली हाये म्हन्ते, तथचा कापूस येनं बंद. म्हनून आपल्या पराटीले सोन्याचे दिवस. अमरावतीच्या बाजारात बंडी उभी कराले जागा नाही मिळत.

पार्वताबाई : शेजाऱ्याची जोडी पाठव. तो जाईन भाड्यानं.

खुशाल : घरची जोडी असून? डोकं फिरलं का तुहं? काय झालं, सांग ना. सांजीपासून तू माह्या मांगं मांगं फिरून राहिली. जमुनासंगं वाजलं का?

पार्वताबाई : नाही बाप्पा. तिच्यासंगं काहून वाजन?

खुशाल : मंग बस इथं, गव्हानीवर. मलेबी तुले एक सांगाचं हाये. कधीचं सांगीन म्हनतो. हासशीन नाही?

पार्वताबाई : नाही हासत.

खुशाल : जमुनाले नको सांगू. तिनं हासलं तं वर्सभर हासन ते. माय, मी महादेवाले जातो.

पार्वताबाई : हं.

खुशाल : हं काय? आयकलं का मी काय म्हनलं ते?

पार्वताबाई : आयकलं. बोल तू.

खुशाल : चांद्या नदीपाशी पडला ना, त्या दिवशी. समदं करून पाह्यलं मी. ताक पाजलं, तेल पाजलं, पोट चोळून चोळून हात सोलले. त्यानं मान टाकली माह्या मांडीवर. वासरू होता तवा टाके, तशी. मंग मले काय झालं, मले ठाव नाही. मी उठलो न् पायरीवर जाऊन पडलो. मी म्हनलं, याच्या आधी एकडावच मागितलं तुले. तवा बाप मागितला होता. तू देल्ला नाही. आता बैल मागून राहिलो. बाप मोठा होता, जड गेलं असन तुले. बैल लहान हाये. एवढा तं दे.

पार्वताबाई : असं म्हनलं तू?

खुशाल : दुसरं काय म्हनू? मले कुठं येते मागाले? न् देल्ला, माय. मी पायरीवर होतो न् मांगून हुंकार आला चांद्याचा. मले असं वाटलं, का इतकी वर्सं मी तोंड फिरवून बसलो होतो, न् तो तथीच बसून होता, माही वाट पाहात. बाबाच्या येळचंबी मंग तेवढं नाही टोचलं. म्हनलं, असन काई. आपल्याले नाही समजत. तू रडू नको ना. तुले आनंद व्हाले पायजे होता.

पार्वताबाई : झाला. लय झाला. खुशाल, पोरा, मले ठाव होतं. आज सकाळी नत्थुजीनं सांगतलं.

खुशाल : त्या बुढ्याच्या पोटात काई राह्यत नाही. जाऊ दे. मंग रडून काहून राहिली?

पार्वताबाई : मी नवस बोलली होती.

खुशाल : मंग फेडू ना. त्यात काय? अभिषेक हाये का? गाव जेवाले घालाचं हाये का? औंदा घालू. देवानं देल्लं हाये.

पार्वताबाई : तसा नाही नवस. तू लग्नात बंडीतून उतरला नाही ना, त्या सांजी बोलली. रागात होती मी. बोलली, माह्या पोरानं पायरीवर डोकं टेकलं का त्याच्या जोडीतला उजव्या अंगाचा बैल तुह्या नावानं सोडीन.

खुशाल : उजव्या अंगाचा.

पार्वताबाई : तवा लंगडा होता, बाप्पा. चांद्या जलमलाबी नव्हता. मले काय ठाव...

खुशाल : थांब. थांब जराशी. मी तथी आडवा पडून म्हनून राहिलो, हा बैल मले दे. न् ज्या घडीले माहं कपाळ दगडाले लागलं, त्याच घडीले बैल त्याचा झाला.

पार्वताबाई : असं नको पाहू त्याच्याकडं.

खुशाल : कसं पाहू मंग? डोकं टेकलं नसतं तं बैल मरून गेला असता. टेकलं तं देवाले गेला. मागाच्या आधीच हातातून गेलता माह्या. मी मूर्ख, दर सोमवारी बेल घेऊन जातो. म्हनतो, लय उपकार झाले. तो वरून पाहात असन, म्हनत असन, आन बाप्पा बेल, बैलबी आनशीन.

पार्वताबाई : देव असा नाही रे.

खुशाल : तुले कसं ठाव कसा हाये ते? तू तं त्याच्यासंगं सौदा केला. लंगड्या बैलाचा. माह्या बदल्यात लंगडा बैल, माय?

पार्वताबाई : लंगडा होता, पन चालत होता.

खुशाल : मी हासून नाही राहिलो.

पार्वताबाई : मीबी नाही. आयक माहं. एक करू. आजपासून चांद्याले डाव्या अंगाले जुप. ढवळ्याले उजवीकडं घे. नवसात बैलाचं नाव नाही घेतलं मी. उजव्या अंगाचा म्हनलं. ढवळ्या सोडू महादेवाले. त्यालेबी चांगला बैल भेटन, तुहाबी चांद्या राहीन.

खुशाल : चांद्या डावीकडं चालत नाही, ठाव हाये तुले.

पार्वताबाई : शिकन. ढोरच हाये ते, शिकवलं तं शिकन.

खुशाल : न् देव? त्यालेबी शिकवशीन का, डावा कोनता न् उजवा कोनता? ज्या दिवशी मी डोकं टेकलं त्या दिवशी उजव्या अंगाले कोन होता, त्यानं नाही पाह्यलं? आत्ता आत्ता तं मानाले लागलो मी त्याले, माय. न् मले फसवाले शिकवून राहिली तू?

पार्वताबाई : मंग मी नाही फेडत नवस. बोलली मी, मोडते मी. पाप माह्या माथी. काय कराचं ते मले करन तो. बुढी झाली मी, माहं काय राह्यलं?

खुशाल : न् उद्या घाटात बंडी उलटली तं? चांद्याचा पाय मोडला तं? तो तुले पाहाते का चांद्याले, ते तू ठरवशीन? पह्यलेचा खुशाल असता ना, तं हासला असता. म्हनला असता, बुढीनं दगडाले काई बोलून ठेवलं, त्याचं मले काय? झोपलो असतो मी निवांत. आता मले हासताच येत नाही. हे केलं तू. मले भेव लावून देल्लं, न् भेवाच्या हातात माहाच बैल देल्ला.

पार्वताबाई : तुह्यासाठीच केलं रे.

खुशाल : एक सांगू? तू सकाळ झाली का लोटा घेऊन निंगे महादेवाले. लोकं मले म्हनत, तुही माय तुह्यासाठी झिजून राहिली. मी वरून काई म्हनो, पन मले आतून चांगलं वाटे. मी नाही मानत तं नाही मानत, पन कोनीतरी माह्यासाठी नुस्तं मागून राहिलं. काई घ्या-द्याचं नाही, नुस्तं मागनं. पावसात उभ्या असलेल्या मानसाले कोनी छत्री धरावी, तसं वाटे. न् तो बाजार होता. अमरावतीच्या बाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवते, मालकाले दिसतबी नाही. तसा माहा सौदा केला तू. रुमालाखाली.

पार्वताबाई : खुशाल.

खुशाल : दिवा घेऊन जा. मले दिसते अंधारात.

*

नत्थुजी : ये, खुशाल. आज सोमवार नाही न् तू...

खुशाल : बेल नाही आनला आज. बैल आनला.

नत्थुजी : बंडी नाही गेली?

खुशाल : शेजाऱ्याची जोडी लावून पाठवली. तुमाले ठाव होतं, नत्थुजी?

नत्थुजी : काय?

खुशाल : नवसाचं. दर सोमवारी तुमी माह्या हातावर तीर्थ घालत होते, मले म्हनत होते, देव पावला तुले पोरा. तवा ठाव होतं का, हा काय घेनार हाये ते?

नत्थुजी : ठाव होतं. खोटं नाही बोलत मी या दारात. पन मी म्हनलं, मायलेकराची गोष्ट हाये...

खुशाल : सगळ्यायले ठाव होतं. मायले ठाव, गुरवाले ठाव, देवाले ठाव. मी न् चांद्या, दोघंच अनाडी.

नत्थुजी : तुले कोनी जबरी नाही करून राहिलं, बाप्पा. मनात नसन तं घेऊन जा वापस. मी कोनाले बोलनार नाही.

खुशाल : तुमी नाही बोलनार. पन ज्याचा हाये तो पाहून राहिला. आयका, या दिवसात जिकडं तिकडं बैलायची मारामार हाये. कापूस पडला हाये न् ओढाले जनावर नाही. तुमच्या कोन्या सोयऱ्यानं, नाही तं गावातल्या कोनी, याच्या मानेवर जू ठेवलं असं कधी माह्या कानावर आलं, तं मी काय करीन सांगता येत नाही.

नत्थुजी : माह्या पोरायची आन. त्याच्या मानेवर माशी बसू देनार नाही मी.

खुशाल : सरकी जास्त देऊ नका. पोट फुगते त्याचं. पानी पिताना कान खाजवत राहा, नाही तं अर्धंच पेते. उजवीकडूनच जवळ जा, डावीकडून गेलं तं भुजाडते.

नत्थुजी : बरं.

(खुशाल चांद्याची येसन काढतो, घुंगरमाळ मात्र गळ्यात तशीच राहू देतो. बैल जागचा हलत नाही.)

खुशाल : जा ना. सुटला तू. जा.

नत्थुजी : त्याले नाही समजत अजून. वर ये, खुशाल. नवस फिटला, डोकं टेक, परसाद घे.

खुशाल : नाही.

नत्थुजी : म्हंजे पुन्हा तेच? पुन्हा दगडच का तो?

खुशाल : दगड कुठं राह्यला आता? दगड होता तवा बरा होता. दगडावर कोनी रुसते का? दगड फसवत नाही. आता पक्कं ठाव हाये मले, तो अथी आत बसला हाये. माहं सगळं आयकलं त्यानं, एकेक अक्षर आयकलं. म्हनून तं बोलत नाही मी त्याच्यासंगं.

नत्थुजी : न् मायसंगं?

खुशाल : घरी काम हाये मले. चाललो.

*

नत्थुजी : या, पार्वताबाई. लय दिवस झाले. तुमच्या लोट्याचं पानी नाही पडलं तं मले चुकल्यासारखं वाटे.

पार्वताबाई : रुसली होती मी.

नत्थुजी : देवावर?

पार्वताबाई : मंग काय तुमच्यावर? इतकी वर्सं मागितलं न् देल्लं तं असं देल्लं. एका हातानं पोरगा देल्ला, दुसऱ्या हातानं नेला. वर पह्यले होता तेवढाबी नाही ठेवला. पह्यले मानत नव्हता, पन माय म्हनून हाक मारे, भाकरीवरून भांडे. आता जमुनाच्या तोंडून बोलते. माह्या समोर बसून म्हन्ते, जमुने, बुढीले सांग, जेवाले ये. मी समोरच बसली असते, नत्थुजी. ते बिचारी एकडाव त्याच्याकडं पाहाते, एकडाव माह्याकडं, न् मंग मले सांगते, आत्याबाई, जेवाले या.

नत्थुजी : उतरन राग. मायलेकराचा राग हाये.

पार्वताबाई : बापाच्या येळी तो देवावर रुसला, तवाबी तुमी असंच म्हनले होते. मंग मीबी पानी घालनं सोडलं. म्हनलं, बस आता तुहा तू. पन करू काय? पोरगा माह्याशी बोलत नाही, मी देवाशी बोलत नाही. घरात निरा मुकेपन. बोलू कोनापाशी? म्हनून आली. माह्या मनातून राग गेला म्हनून नाही आली, हे तुमच्या देवाले सांगून ठेवा.

नत्थुजी : तुमीच सांगा. समोरच हाये. चांद्या येते का घराकडं?

पार्वताबाई : रोज सांजी. देवाचा बैल झाला तरी त्याले कोन समजावन? गोठ्यापुढं येऊन उभा राह्यते, त्याच्या जागेवर, उजव्या खुट्यापाशी. खुशाल उठते, त्याच्या गळ्यावर हात ठेवते. बांधतबी नाही त्याले. इकडं आनून सोडते.

नत्थुजी : पाहातो ना मी. या पायरीपर्यंत येते. बैलाचं डोकं लावते दगडाले, पोळ्यासारखं, न् म्हन्ते, राह्य बाप्पा तुह्या धन्यापाशी. वर नाही चढत. पन उभा राह्यते लय येळ. आतमंदी पाहात नाही, जातबी नाही.

पार्वताबाई : रोज?

नत्थुजी : रोज. पह्यले नुस्ता सोमवारी येत होता.

पार्वताबाई : द्या तो लोटा इकडं. पानी घालते.

नत्थुजी : घाला. पन आता मागसान काय? मानते तं तो. तुमचं जुनं मागनं संपलं.

पार्वताबाई : संपलं कुठं? उलटं झालं. पह्यले म्हनत होती, महादेवा, माह्या पोरानं तुले मानावं. आता म्हनते, माह्या पोरानं तुले माफ करावं.

नत्थुजी : देवाले माफ? पार्वताबाई, उलटं असते ते. देव करते माफ.

पार्वताबाई : तुमच्या पोथीत असन तसं. माह्या घरात असंच हाये.

नत्थुजी : न् याच्या बदल्यात काय बोलल्या?

पार्वताबाई : काई नाही. आता नुस्तं मागते. म्हनते, द्याचं असन तं दे. नाही देल्लं तं उद्या पुन्हा येते मी. हातात काई नाही माह्या न् तोंडातबी काई नाही.

नत्थुजी : न् तुमचं? तुमाले माफ कराचं राह्यलंच ना त्याचं.

पार्वताबाई : आधी देवाचं होऊ द्या. माहं मंग पाहू. काय वाजून राहिलं ते?

नत्थुजी : चांद्याची घुंगरमाळ. घेऊन आला वाटते.

पार्वताबाई : मंग सरका, मी मांगच्या अंगानं जाते. मी दिसली तं तो पायरीपर्यंतबी नाही येनार.